गैरहजर बाईच्या घरी जाणारी आमची ताई

आज आम्ही सहयोगिनी आमच्यातल्याच एकीची आठवण सांगणार आहोत. नऊ वर्षं आमच्यासोबत काम केलेली आमची ताई या पावसाळ्यात गेली. दीड वर्ष कर्करोगाचं दुखणं चाललं होतं.

मूर्तिजापूर-दर्यापूर भागातल्या गावांत आम्ही काळीपिवळीनं सोबत जायचो. सतरंजीवर बसल्याबरोबर ताईचा पहिला प्रश्न असायचा, "आज कोण नाही आली?" बचतीचे पैसे मोजणं त्यानंतर. बैठक संपली की न आलेल्या बाईच्या घरी ती स्वतः जायची. कोणाचं लेकरू आजारी असे, तर कोणाजवळ हप्त्याचे पैसे नसत म्हणून ती लाजून घरी बसलेली असे. ताईमुळं अशा कितीतरी बाया गटात टिकल्या.

ती आजारी पडल्यावर मात्र आमचं चुकलं. सुरुवातीला आम्ही भेटायला जायचो. मग सोयाबीनची सोंगणी आली, कापसाची वेचणी आली आणि जाणं कमी झालं. खरं सांगायचं तर काय बोलावं हेच सुचत नव्हतं. एकदा तीच म्हणाली, "मले औषधं नका सांगू, बैठकीत काय झालं ते सांगा." तेव्हा कळलं, आजारी माणसाला आपल्या कामाची बातमी हवी असते.

उपचारासाठी ती मुंबईला जायची तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरायची. गाडगेबाबा आपल्याच भागातले. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावानं आजही परगावच्या रोग्याला डोक्यावर छप्पर मिळतं. माणूस गेल्यावर त्याचं काम चालू राहतं ते असं.

आता दुसरी चूक, जी आम्हाला जास्त सलते. ताईनं प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घेतला होता. वर्षाला ४३६ रुपये भरायचे. आजारानं असो की अपघातानं, मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. हे पैसे दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी बँक खात्यातून आपोआप कापले जातात. औषधपाण्यात ताईचं खातं रिकामं झालं होतं. ४३६ रुपये नव्हते, विमा बंद पडला. गावोगावी विमा समजावून सांगणाऱ्या आम्ही, आमच्याच बाईचं खातं पाहिलं नाही. तिच्या लेकरांना ते दोन लाख मिळाले नाहीत.

म्हणून बायांनो, एवढं करा:

विमा १८ ते ५० वयापर्यंत घेता येतो आणि हप्ता भरत राहिल्यास ५५ पर्यंत चालतो. बरं असतानाच घ्या, कारण पहिल्या ३० दिवसांत अपघाताशिवाय भरपाई मिळत नाही.

मेच्या बैठकीत प्रत्येकीचं पासबुक पाहा. कोणी आजारी असेल तर तिच्या खात्यात पैसे आहेत का, हे गटानं पाहावं.

वारसाचं नाव आजच तपासा. त्यात अशुभ काही नाही.

गटाच्या खात्यावर सही करणारी बाई आजारी असेल, तर तिला विचारून, वेळेत ठराव घेऊन बँकेत सही बदला.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करा. दाखल्याशिवाय पुढचं कोणतंच काम होत नाही.

मोझरीला तुम्ही गेल्या असाल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही कर्करोगानंच ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. दरवर्षी पुण्यतिथीला गुरुकुंजात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसं मौन उभी राहतात. नंतर पुन्हा भजन, पुन्हा सेवा.

आम्हीही ताईसाठी बैठकीत दोन मिनिटं उभ्या राहिलो. मग वही उघडली. पहिल्या पानापासून तिचंच अक्षर. कोणालाच लिहिणं होईना. शेवटी एकीनं पेन घेतला आणि विचारलं, "आज कोण नाही आली?"

तीन बाया नव्हत्या. बैठक संपल्यावर आम्ही तिघींच्याही घरी गेलो.