हाताच्या मापाची गोमुखी

दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्या चढून विश्वनाथ गल्लीकडे वळलं की रुद्राक्षाच्या माळा, गंगाजलाचे गडू आणि कुंकवाच्या राशी यांच्या अधेमधे गोमुख्या, म्हणजे जप करताना हात आणि माळ आत ठेवायच्या पिशव्या, टांगलेल्या दिसतात. भगव्या, लाल, मखमली. कुणावर ॐ, कुणावर जरीची वेलबुट्टी. मराठी यात्रेकरू इथून एखादी घेतोच. जागाही आपल्याला परकी नाही. १७४८च्या सुमारास हा घाट पेशव्यांनी बांधला, पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याची नव्याने बांधणी केली, आणि शेजारचा घाट तर अहिल्याबाईंच्याच नावाचा.

विकतची गोमुखी स्वस्त पडते, पण ती सगळ्यांच्या मापाची म्हणजे कुणाच्याच मापाची नसते. आणि इथे मापालाच महत्त्व. उजवा हात आत, माळ मधल्या बोटावर, मणी अंगठ्याने ओढायचा, तर्जनी लागू द्यायची नाही. मेरुमणी आला की तो न ओलांडता माळ आतल्या आत उलटी फिरवायची. कापड लेचंपेचं असेल तर ते बोटांवर कोसळतं आणि माळ तिथेच अडते. म्हणून या पिशवीला अंगचा आकार लागतो. तो घरी, हातशिलाईने नीट आणता येतो. मशीन नसल्याचं काही अडत नाही.

आठ मिलिमीटरचे १०८ मणी म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटर, गाठी धरून मीटरभर माळ. तिला लोंबायला जागा हवी. वर्तमानपत्रावर हात आडवा ठेवून बोटं किंचित वाकवा आणि भोवती चार सेंटीमीटर सोडून रेघ मारा. मग बोटांखाली वीतभर खोल पोट काढा. झाला काटकोनी नमुना. तळव्याखालचा आतला कोन टोकदार न ठेवता गोल करा. शिवणासाठी सेंटीमीटरभर माया वेगळी धरा.

कापड रेशमी असेल तर सोवळ्यालाही चालतं. जुन्या बनारसी साडीचा तुकडा घेणार असाल तर आधी तो उलटून पाहा. फेकवा विणीत बुट्ट्यांचे धागे पाठीमागून या काठापासून त्या काठापर्यंत मोकळे धावतात. ते मण्यांत अडकतात. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली असल्याने पाठ स्वच्छ असते. अर्थात कढुआची साडी कातरायला धीर लागतो! नाहीतर खण आहेच, आणि माझं मत विचाराल तर खणच बरा.

ताठपणा येतो तो मधल्या थरामुळे. शिंप्याकडचं कॉलरचं कॅनव्हास माया सोडून, नेमक्या नमुन्याएवढंच कापा. मायेत ते गेलं तर शिवण जाड होते. बाहेरच्या कापडाच्या उलट बाजूला ते बारीक, सैल टाक्यांनी टाचून घ्या. दोन्ही भाग सुलट बाजू आत ठेवून आधी धावदोऱ्याने जोडा. मग त्याच रेघेवर पक्की उलटी टीप घाला, फक्त हात जाण्याचं तोंड मोकळं ठेवा. उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागे वळून आधीच्या टाक्याला भिडतो, त्यामुळे एखादा तुटला तरी शिवण सरसर उसवत नाही.

खरी परीक्षा त्या आतल्या कोनाची. तिथे मायेला सरळ कातरे द्यावे लागतात, टिपेच्या दोन धाग्यांपर्यंत, टीप न कापता. कातरे दिले नाहीत तर पिशवी उलटवल्यावर नेमक्या तळव्याखाली चुण्या पडतात आणि त्या इस्त्रीनेही जात नाहीत. बाहेरच्या गोलाईला मात्र बारीक त्रिकोण कापून काढायचे, कारण तिथे माया जास्त होऊन गोळा होते. ब्रोकेड उसवतं, म्हणून कातरे देण्याआधी कडांवर गुंफटाका मारून ठेवा. जरीवर गरम इस्त्री थेट फिरवू नका. उलट बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून दाबा.

अस्तर मांजरपाटाचं, त्याच नमुन्याचं, पण दोन-तीन मिलिमीटर लहान. ते वेगळी पिशवी म्हणून शिवा, आत सरकवा आणि फक्त तोंडाशी लपत्या टाक्यांनी जोडा. हाताच्या घामाने अस्तर आधी मळतं. तेवढे टाके उसवले की ते बाहेर काढून धुता येतं, आणि जरीला पाणी लागत नाही.