२१ दिवस, १० हजार पावलं आणि रविवारची मिसळ

जानेवारीत गंगापूर रोडला पहाटे चालणाऱ्यांची वाण नसते. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या मॅरेथॉनचा हंगाम, नाशिकची बोचरी थंडी, पायांत कोरे बूट. मार्च उजाडेपर्यंत यातले बरेच चेहरे दिसेनासे होतात. कुठे भेटले तर उत्तर ठरलेलं, "मोटिव्हेशनच राहिलं नाही हो." ही माणसं आळशी आहेत असं मला वाटत नाही. त्यांनी नियमच चुकीचे धरलेले असतात.

गैरसमज : सलग २१ दिवस केलं की सवय लागते.

हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनचा. शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा रुग्णाला आपला वाटायला किमान २१ दिवस जातात, असं त्याने १९६० साली 'सायको-सायबरनेटिक्स' या पुस्तकात लिहिलं. पुढे त्यातलं 'किमान' गळालं आणि नाकाडोळ्यांचा हिशेब चालण्याला, ध्यानाला, साखर सोडण्याला लागू झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींवर १२ आठवडे लक्ष ठेवलं. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८ पुरले, तर कुणाला हिशेबाने २५४ लागले असते. जेवणासोबत पाणी पिणं लवकर जमलं, व्यायाम रेंगाळला. म्हणजे बाविसाव्या दिवशी पांघरूण सोडवत नसेल तर तुमच्यात काही खोट नाही.

गैरसमज : एक दिवस चुकला, आता पुन्हा पहिल्यापासून.

सगळ्यात जास्त माणसं इथे गळतात. घरचं लग्न निघतं, पाहुणे येतात, जुलैत झड लागते, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की लोक सोमेश्वरला धबधबा बघायला जातात, पण चालायला नाही. मग 'सोमवारपासून', 'एक तारखेपासून', 'पाडव्यापासून'. लॅलींच्या त्याच अभ्यासात एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यावर म्हणावा असा परिणाम झाला नव्हता. मुहूर्त शोधण्यात मात्र दोन आठवडे सहज जातात.

गैरसमज : आधी मनातून वाटलं पाहिजे, मग पाय निघतात.

बऱ्याचदा उलटं घडतं. नैराश्यावरच्या एका मान्य उपचारपद्धतीत उत्साहाची वाट न बघता आधी छोटी कृती ठरवून करायला लावतात; मन मागून येतं. आपल्या जिल्ह्यात प्रेरणेचा विषय निघाला की 'सावरपाडा एक्स्प्रेस' कविता राऊतचं नाव येतंच, आणि यायलाच हवं. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पण तिचे व्हिडिओ बघून गजर बंद करायचा हात थांबत नाही. तिच्यामागे विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक आणि नेमाचा सराव होता, ते आपण बघत नाही. आपल्याला प्रशिक्षक कुठून मिळणार? पण जॉगिंग ट्रॅकवर वर्षानुवर्षं टिकलेले गट बघा. "काय अण्णा, काल दांडी?" एवढ्या एका प्रश्नाच्या धाकाने माणूस स्वेटर चढवतो.

गैरसमज : १० हजार पावलं झाली नाहीत तर दिवस फुकट.

१९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. त्याच्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मोजमाप'. आकडा तिथून पसरला. २०१९ साली अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही. रात्री अकराला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून घड्याळ खूश करणाऱ्या काकांना हे कुणीतरी सांगावं.

गैरसमज : चालून आलो, आता मिसळ माफ.

नाही. पाऊण तासाच्या चालण्यात जेमतेम दीड-दोनशे कॅलरी जातात. फरसाण, तर्री आणि दोन पाव त्याच्या पुष्कळ पुढे. पण पुढच्या रविवारी कोण कोण येणार हे त्याच टेबलावर ठरतं, म्हणून मिसळ बंद करा असं मी म्हणणार नाही. एक्स्ट्रा पाव मात्र ज्याचा त्याने बघावा.