हुर्यो आणि हेतू : ॲडम गुड्सची कारकीर्द

मित्रहो, मागे आवाज पोचतोय ना? बरं. आज एका फुटबॉलपटूबद्दल बोलायचं आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं यात काय काम, ते ओघात कळेल.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. क्रिकेटच्याच मोठ्या मैदानांवर तो हिवाळ्यात खेळतात. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्याला ठाऊक असलेलं मेलबर्नचं मैदान हे त्याचं मुख्य ठिकाण. एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडू लंबगोल. तो लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा, फेकायचा मात्र नाही. नवख्या खेळाडूने क्लब निवडायचा नसतो, क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात. 1997 साली सिडनी स्वान्सने ॲडम गुड्सला घेतलं, तेव्हा निवडीत त्याचा क्रमांक होता 43. वय सतरा.

आई मूलनिवासी. तिला लहानपणीच तिच्या घरच्यांपासून काढून नेलं होतं. सरकारी धोरणच होतं ते, आणि अशा मुलांना तिथे ‘चोरलेल्या पिढ्या’ म्हणतात. त्या आईचा हा मुलगा 1999 साली पहिला सामना खेळला आणि त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला. 2005 आणि 2012 साली संघ अजिंक्य झाला. 2012 च्या अंतिम सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध दुखावलेला असताना त्याने शेवटच्या भागात महत्त्वाचा गोल केला. एकूण 372 सामने, 464 गोल.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते ब्राउनलो पदक. ते 2003 साली त्याला दोघांबरोबर विभागून मिळालं, 2006 साली एकट्याला. हे पदक पत्रकार देत नाहीत, प्रेक्षकही देत नाहीत. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना तीन, दोन, एक अशी मतं देतात. आणि निकष काय, तर ‘सर्वात न्यायाने खेळणारा आणि सर्वोत्तम’. हंगामात गैरवर्तनासाठी बंदी झाली की तुम्ही बाद. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

24 मे 2013. सामना मेलबर्नला, आणि फेरी मूलनिवासी खेळाडूंच्या सन्मानाची! कुंपणापलीकडून तेरा वर्षांच्या एका मुलीने त्याला ‘एप’ म्हटलं. आपल्याकडे वानर म्हटलं की मारुती आठवतो. तिथे त्या शब्दामागे मूलनिवासींना माणूसच न मानण्याचा इतिहास आहे. गुड्सने बोट दाखवलं, सुरक्षारक्षकांनी तिला बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, दोष तिला देऊ नका, तिला आधार द्या. 2014 साली तो ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ झाला आणि वंशद्वेषावर उघड बोलू लागला. मग हुर्यो सुरू झाली. चेंडू त्याच्या हाती आला की हुर्यो. मैदान बदललं तरी तीच.

आता प्रश्न. हुर्यो उडवणारे सांगत, आम्हाला त्याच्या वर्णाशी देणंघेणं नाही. तो फ्री किक मिळवायला मुद्दाम पडतो, म्हणून. काहींच्या बाबतीत हे खरंही असेल, मी नाकारत नाही. (पंचांनी दोनदा न्यायी ठरवलेल्या माणसाबद्दल हे म्हणणं, हा विनोद बाजूला ठेवू.) पण कृतीचा अर्थ करणाऱ्याच्या मनातच असतो का? समजा, तुमच्या दाराशी रोज रात्री हजार माणसं ओरडतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. आत तुम्हाला हजार कारणं ऐकू येतात का? एकच आवाज येतो. इथवर कुणी म्हणेल, आम्हाला कल्पना नव्हती. ठीक. पण तो आवाज आत कसा ऐकू जातो हे जाहीरपणे सांगितल्यावरही जो ओरडतो, त्याला आपला खाजगी हेतू पुढे करून सुटता येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि हे ऐकताना ‘ते ऑस्ट्रेलियन तसेच’ असं मनात आणू नका. 2007 साली वानखेडेवर अँड्र्यू सायमंड्सकडे बघून माकडचाळे करणारे आपलेच लोक होते.

मे 2015 मध्ये गोल केल्यावर गुड्सने कार्ल्टनच्या प्रेक्षकांसमोर मूलनिवासींचं युद्धनृत्य केलं, हातात नसलेला भाला फेकल्यासारखं. गहजब झाला. तेच प्रेक्षक, ज्यांना हेतू इतका प्रिय, त्यांतल्या किती जणांनी त्याचा हेतू विचारला? जुलैअखेर पर्थच्या सामन्यानंतर त्याने रजा घेतली. पुढचा सामना सिडनीला. त्याचा जर्सी क्रमांक 37, म्हणून तिसऱ्या भागाच्या सातव्या मिनिटाला प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. तो परतला, पण सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला. अंतिम सामन्याच्या दिवशी निवृत्त खेळाडूंना मैदानाभोवती फेरी घालून निरोप देतात. त्या फेरीला तो गेला नाही.

2019 साली त्याच्यावर दोन माहितीपट आले. त्याच वर्षी लीगने आणि अठराही क्लबांनी त्याची माफी मागितली. 2021 साली खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याला घ्यायचं ठरत होतं. त्याने नकार दिला. मूलनिवासी मुलांना शिष्यवृत्त्या देणारी गो फाउंडेशन मात्र त्याने 2009 मध्येच, खेळत असताना, संघातला सहकारी मायकेल ओलॉफलिन याच्याबरोबर काढली होती. ते काम चालू राहिलं.

चला, प्रश्न घेऊ. तुमचा हात केव्हाचा वर आहे.