फॉरमॅट मारू का, ताई?

२६ जुलै २००५च्या पुरात गाढी नदीचं पाणी पनवेलमध्ये शिरलं आणि माझ्या लग्नाचा अल्बम चिखलात गेला. तेव्हापासून जपून ठेवण्याचा मला ध्यासच लागला. म्हणून बचत गटाचे हिशेब, बायकांच्या कागदपत्रांच्या प्रती, शिबिरांचे फोटो असं सगळं मी बाहेरून जोडायच्या एका हार्ड डिस्कवर ठेवलं. बारा वर्षांचं काम तळहाताएवढ्या डबीत!

मंडळाचा कॉम्प्युटर जुना. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि नवी विंडोज त्यावर चालेना. शेजारच्या इंजिनीअरिंगच्या मुलाने त्यात लिनक्स घालून दिलं. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१मध्ये सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते. कॉम्प्युटर छान पळू लागला की!

पण हिशेबाच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी डिस्क लावली, तर दिवा लागला, आतलं काही उघडेना. माझ्या पोटात गोळाच आला. दुकानात गेले. "ताई, फॉरमॅट मारावी लागेल." मी 'बरं' म्हणणारच होते. सहज विचारलं, "आणि आतलं?" "ते जाणार." डिस्क पदराखाली घेऊन घरी आले.

"काकू, घाबरू नका," तो मुलगा म्हणाला. त्याने 'एलएसबीएलके' एवढीच आज्ञा टाइप केली. यादीत आमची डिस्क होती! म्हणजे पाहुणा दारात आला होता, पाट मांडायचा राहिला होता. पाट मांडण्याला लिनक्समध्ये 'माउंट' म्हणतात.

मग अडलं कुठे? आदल्या आठवड्यात मुलीच्या विंडोज लॅपटॉपवरून मी घाईत वायर ओढली होती. काम अर्धवट राहिल्याची खूण डिस्कवर तशीच राहिली. अशी खूण दिसली की लिनक्स पुष्कळदा डिस्क उघडतच नाही. आतलं बिघडू नये म्हणून.

डिस्क पुन्हा लॅपटॉपला लावली, ती तिथे उघडली. दुरुस्तीच्या आधी सगळ्याची प्रत काढली. मग विंडोजमधलं 'एरर चेकिंग' चालवलं आणि 'सेफली रिमूव्ह' करून डिस्क काढली. लिनक्सवर लावली, तर क्षणात उघडली! डोळ्यांत पाणी आलं हो.

मैत्रिणींनो, एवढं लक्षात ठेवा. डिस्क दिसलीच नाही, तर आधी केबल बदला आणि कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूच्या यूएसबी सॉकेटमध्ये लावून बघा. कधीकधी वीज कमी पडते. डिस्क खरखर, टकटक करत असेल, तर लगेच काढा आणि जाणकाराला दाखवा. काढताना 'इजेक्ट' म्हणा आणि निरोप मिळेपर्यंत थांबा, कारण कॉपी झाली असं दिसलं तरी लिहिणं मागे चालू असू शकतं. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर वापरायची कोरी डिस्क असेल, तर सुरुवातीलाच 'एक्सफॅट' पद्धतीने तयार करून घ्या. शिकायची हौस असेल, तर पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

आणि पडद्यावर किंवा दुकानात कुणी 'फॉरमॅट करू का?' विचारलं, तर आधी 'नाही' म्हणा. दुकानदाराला डिस्क चालू करायची असते, आपल्याला आतलं हवं असतं.

आमच्या डिस्कची दुसरी प्रत आता मंडळाच्या कपाटात आहे. तुमची?