राब भाजण्याआधी मुलांचे कागद करा

पोशीर-कळंब भागात पेरणी आणि कॉलेजचे प्रवेश एकदमच येतात. एका हाताला बियाणं-खत, दुसऱ्या हाताला फी. मग नजर जाते रस्त्याकडेच्या गुंठ्यांवर. फार्महाऊसवाला गिऱ्हाईक तयारच असतं. पण कर्ज फेडता येतं, विकलेली जमीन परत येत नाही. तेव्हा सौद्याआधी थोडा हिशेब करा.

बँकेच्या ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ताही नसतो. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. समजा, चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला दरवर्षी १ लाख उचलले आणि दर १० टक्के धरला, तर पहिल्या हप्त्यापर्यंत सरळ व्याजच १ लाख ४० हजार होतं!

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. २००९ पासूनची ही योजना आहे. मात्र ती तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीएचं मानांकन हवं. एजंटाच्या शब्दावर प्रवेश घेण्याआधी एवढं नक्की विचारा.

कर्ज जितकं कमी तितकं बरं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली; प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून हवा. अल्पभूधारकांच्या मुलांना बाहेरगावी राहण्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा.

एक ध्यानात ठेवा. कर्जावर सही मुलाबरोबर बापाचीही असते. हप्ता थकला तर दोघांचीही पत बिघडते, आणि उद्या पीककर्ज मागताना तीच आडवी येते. म्हणून गरजेपुरतंच उचला.

या साऱ्याला मुख्य कागद एकच, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. त्यासोबत अल्पभूधारक असल्याचा दाखला, सातबारा आणि ८-अ. निकालानंतर कर्जतच्या सेतूत रांग लागते, आणि तेव्हा आपण चिखलणीत असतो. त्यामुळे एप्रिलमध्ये राब भाजण्याआधीच अर्ज टाका. तलाठी आणि ग्रामसेवक मंडळींनाही विनंती आहे : १ मेच्या ग्रामसभेत बारावीच्या मुलांची यादी वाचा आणि कोणाचा दाखला राहिलाय ते तिथंच विचारा. गावातले दोन गुंठे त्यानेही वाचतील.