पातळीवरून विसर्ग : आष्टी ते भामरागड

चंद्रपूर-गडचिरोलीच्या नद्यांवर संशोधन करणाऱ्या जलविज्ञानाच्या अभ्यासकाला पहिला आधार मिळतो तो केंद्रीय जल आयोगाच्या मापन केंद्रांचा. वैनगंगेवरील आष्टी (पाणलोट क्षेत्र सुमारे ५१ हजार चौरस किलोमीटर) आणि वर्धा-वैनगंगा संगमानंतरच्या प्राणहितेवरील टेकरा ही त्यांतील महत्त्वाची होत. मोजणीसाठी पात्राच्या रुंदीचे उभे भाग पाडून प्रत्येक भागात पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ पट अंतरावर प्रवाहाचा वेग घेतात, कारण तेथील वेग त्या उभ्या रेषेवरील सरासरीच्या जवळ असतो, आणि त्याला त्या भागाच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणून, सर्व भागांची बेरीज करून विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनमीटर पाणी, काढतात. ऐन पुरात हे काम जिकिरीचे असल्याने आधीच्या नोंदींवरून पातळी-विसर्ग वक्र आखून ठेवतात. मग पट्टीवरची पातळी वाचली की विसर्ग कळतो.

पर्लकोटा व पामुलगौतम या नद्या जिथे इंद्रावतीला मिळतात त्या भामरागडला मात्र हे गणित फसू शकते. ओडिशातील कालाहंडीत उगम पावून बस्तरमार्गे येणाऱ्या इंद्रावतीला मोठा पूर असला, की पर्लकोटा व पामुलगौतम यांचे पाणी तुंबते, फुगवटा मागे चढतो आणि गावात पाऊस उघडलेला असतानाही पर्लकोटेचा पूल बुडू शकतो. अशा वेळी पातळी चढते पण प्रवाह मंदावतो, म्हणजे एकाच पातळीला वेगवेगळे विसर्ग संभवतात. त्यामुळे केवळ स्थानिक पर्जन्यमानावर बेतलेले पूर-प्रारूप कितीही काटेकोर असले तरी येथे अपुरे ठरते आणि जगदलपूरकडील इंद्रावतीच्या नोंदी त्यात घ्याव्याच लागतात.