शिरपामाळाची नोंद आणि एक्सएसएलटीचे नियम

एक्सएमएल दस्तऐवजात मजकुराच्या प्रत्येक भागाला तो काय आहे हे सांगणारी खूण असते. तो कसा दिसावा हे तिथे लिहीत नाहीत. या खुणांच्या मजकुरातून वेबपान, छापील पान किंवा सूची तयार करण्यासाठी एक्सएसएलटी ही भाषा आहे. तिची पहिली आवृत्ती वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. संपादक होते जेम्स क्लार्क.

खुणांची नावे देवनागरीतही चालतात. त्यामुळे पालघर जिल्ह्याच्या एखाद्या स्थळकोशात जव्हारजवळच्या शिरपामाळाची नोंद अशी करता येईल:

<नोंद><नाव>शिरपामाळ</नाव> <माहिती>सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर जाताना <व्यक्ती>शिवाजी महाराज</व्यक्ती> येथे थांबले आणि <स्थळ>जव्हार</स्थळ>चे राजे <व्यक्ती>विक्रमशहा</व्यक्ती> यांनी त्यांचे स्वागत केले, असे परंपरा सांगते.</माहिती></नोंद>

नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये आधी हे, मग ते, असा क्रम लिहावा लागतो. माहितीच्या परिच्छेदात तो टिकत नाही, कारण व्यक्ती आणि स्थळे कुठे व किती वेळा येतील हे आधी कळत नाही. म्हणून इथे सुटे नियम लिहितात: ‘नाव’ आले की शीर्षक करा, ‘स्थळ’ आले की तिरप्या अक्षरांत द्या. नियम फाइलमध्ये कुठल्याही क्रमाने असले तरी चालतात. हे नियम लागू करणारा प्रोग्रॅम, म्हणजे प्रक्रियक, दस्तऐवज मुळापासून वाचत जातो आणि समोर आलेल्या खुणेला लागू पडणारा नियम शोधतो. दोन नियम लागू पडले, तर अधिक नेमका जिंकतो: ‘माहितीतील स्थळ’ हा नियम नुसत्या ‘स्थळ’पेक्षा वरचढ.

नियमाने आतल्या भागांवर पुढची प्रक्रिया करायला सांगितले नाही, तर तो मजकूर गळून जातो. उलट, एखाद्या खुणेसाठी नियमच लिहिला नसेल, तर अंगभूत नियम लागतो: आत उतरा आणि अक्षरे जशीच्या तशी बाहेर द्या. नको असलेला मजकूर पानावर दिसतो, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते.

मराठीत खुणा करताना विभक्तीकडे लक्ष द्यावेच लागते. ‘जव्हारचे’ मधला प्रत्यय खुणेबाहेर ठेवला की सूचीत ‘जव्हार’ स्वच्छ येते. ‘मोखाड्याहून’ मध्ये एवढ्याने भागत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलतो. तिथे मूळ रूप गुणधर्मात नोंदवावे: <स्थळ मूळ="मोखाडा">मोखाड्या</स्थळ>हून. मग वाचनाच्या पानासाठीचा नियम ‘मोखाड्या’ घेतो आणि सूचीसाठीचा नियम ‘मोखाडा’. एकाच खुणेला असे दोन नियम देण्यासाठी एक्सएसएलटीत ‘मोड’ची सोय आहे. पान तयार होताना एका मोडचे नियम लागतात, सूची तयार होताना दुसऱ्याचे, आणि मूळ नोंदीला हात लावावा लागत नाही.